कोरडं लुगडं

पामुलगौतम नदीच्या दोन्ही काठांवर नवा डोंगा दिसला की लोक त्याला हात लावायच्या आधी एकच गोष्ट विचारत. "गोकुळाबाई बसली का याच्यात?"

बसली असेल तर लेकरंबाळं, धानाची पोती, बकऱ्या, बाळंतीण, सगळं बिनघोर चढे. बसली नसेल तर कोणी पाय ठेवत नसे. भामरागडच्या खालच्या अंगाला नदीकाठी मासेमार ढिवरांची पंधरा-वीस घरांची ढिवरटोली आहे. तिथल्या शालिकराम डोंगेवाल्याची ही बायको. शालिकरामने फळ्यांचे एकसष्ट डोंगे केले, आणि गोकुळाला आत बसवून पार नेऊन आणल्याशिवाय त्यातला एकही कोणाच्या हाती दिला नाही. बसायचं तेही आडव्या पाटावर नाही, खाली, तळाच्या फळीवर मांडी घालून. अंगावर आकाशी लुगडं, कारण त्या रंगावर पाण्याचा थेंबही लपत नाही. पार जायचं, परत यायचं, काठावर उतरून लोकांकडे पाठ करून उभं राहायचं. शालिकराम चष्मा सावरून मागून लुगडं बघे. कोरडं असलं की फौजेतल्यासारखा ओरडे, "पास!" रुपयाएवढा जरी डाग दिसला तरी तोंडातून शब्द न काढता डोंगा ओढत परत घराशेजारच्या कामाच्या मांडवात नेई.

टोलीतल्या बाया तोंडाला पदर लावून हसत. गोकुळा काय ऐकून घेणार होती? "हासा, हासा," ती म्हणे, "तुमच्या नवऱ्यायनं जलमात कधी तुमच्या पाठीकडे इतक्या ध्यानानं पाह्यलं का?"

पहिल्या डोंग्याच्या वेळी सासू जिवंत होती. तिने नदीकाठी उभं राहून लेकाला शिव्या घातल्या होत्या. "सून हाये का धानाचं पोतं हाये ते? तुले भार पाह्याचा तं गोटे भर!" गोकुळाला पोहता येत नव्हतं, ढिवराची लेक असून. लहानपणी वैनगंगेच्या पुरात भाऊ गेला, तेव्हापासून बापाने तिला गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ दिलं नव्हतं. त्या दिवशी ती डोंग्याची कड दोन्ही हातांनी धरून बसली होती आणि मध्यावर गेल्यावर तिने नवऱ्याला विचारलं होतं, "तुमाले पोहता येते, तुमी बसा ना! मले कायले बसवता जी?"

शालिकराम वल्हं मारत होता. तो म्हणाला, "म्हणूनच. मी बसलो तं मले कायचा भेव? तू बसली का माझा हात सांधी भरतानी चुकत नाई."

ही त्याची फौजेतली सवय. तो बंदुकीच्या पलटणीत नव्हता, पूल बांधणाऱ्या पलटणीत होता. एकाहत्तरच्या लढाईत पंजाबकडच्या एका नदीवर, हाडं गोठतील अशा थंडीत, छातीभर पाण्यात उभं राहून त्यांनी तरंगता पूल जोडला. वरून रणगाडे जायचे होते. त्याच्या हवालदाराचा नियम होता, ज्याने जोडला तो आधी चालेल, मग रणगाडा जाईल. शालिकराम चालला होता. लढाईबद्दल तो एवढंच सांगे. किती मारले, कसे मारले, असं कोणी विचारलं तर म्हणे, "आमी पार नेलं. मारणारे दुसरे होते." त्याला मिळालेली पदकं खिळ्यांच्या डब्यात असत. डबा मजबूत होता म्हणून.

पंच्याऐंशी साली पेन्शन घेऊन आला. आरमोरीकडे, आपल्या गावी राहिला असता तर गोकुळाचं माहेरही जवळ होतं. पण एका नातेवाइकाकडे म्हणून भामरागडला आला आणि पाहिलं, तर लोक झाडाचं खोड कोरून केलेल्या डोंग्यातून जात होते. दोन माणसं बसली की तिसऱ्याने काठावर वाट बघायची. पावसाळ्यात तर पलीकडची गावं चार महिने तुटलेली. तो घरी येऊन म्हणाला, "तिथी दहा माणसं बसतीन असा डोंगा पाह्यजे." गोकुळाने बांगड्या आपटल्या, भांडली, दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भांडी बांधली.

आता त्याच शालिकरामला जाऊन दहा-बारा दिवस झाले होते. वैशाखातली दुपार. मांडवात वाकस घेऊन फळीची कड तासत होता. थकलो म्हणून मोहाच्या सावलीत आडवा झाला तो झालाच. गोकुळा त्याला उठवायला ताकाचा गिलास घेऊन गेली होती. तो गिलास तिने अजून घासला नव्हता. तसाच पालथा घालून ठेवला होता.

मांडवात बासष्टावा डोंगा उभा होता. फळ्या ठोकून झाल्या होत्या, सांधी भरायच्या तेवढ्या राहिल्या होत्या. हा डोंगा पलीकडच्या माडिया वस्तीचा. तिथली सोमारी गेल्या दिवाळीपासून खेपा घालत होती. त्यांचा जुना डोंगा, तोही शालिकरामनेच केलेला, तीस वर्षं चालून कुजला होता. डोंगा नसला तर पावसाळाभर ना राशन, ना हेमलकशाचा दवाखाना. शालिकरामने तिला सांगितलं होतं, "मृगाच्या आधी तुहा डोंगा पाण्यात." त्याने शब्द दिला की ती काळ्या दगडावरची रेघ, हे गोकुळाला ठाऊक. तो गेला, शब्द तिच्या गळ्यात राहिला.

तेरवी झाली. रीतीप्रमाणे भाऊ तिला चार दिवस माहेरी न्यायला आला. निघताना तिने लेकाला बजावलं. लेक हेमराज घुग्घुसला कोळशाच्या खाणीत डंपर चालवतो. वीस वर्षं झाली. बापाच्या दिवसांसाठी बायको ज्योत्स्नाला घेऊन आला होता, पंधरा दिवसांची सुट्टी वाढवून घेतली होती.

"मुखरूभाऊजीले इचारून सांधी भरून ठेव," ती म्हणाली. "कापसाचा पीळ, राळ अन् मोहाच्या टोऱ्याचं तेल. दुसरं काई नाई. मी आली का बुडवू."

नवा डोंगा आधी बुडवावा लागतो. आत धोंडे भरून काठाच्या उथळ पाण्यात पाच दिवस ठेवायचा. लाकूड पाणी पितं, फुगतं, फळीला फळी अशी भिडते की मधून मुंगी जाणार नाही. मग धोंडे काढून, पाणी उपसून वर घ्यायचा. डांबर लावायचं ते त्यानंतर, आणि तेही फक्त बाहेरून.

गोकुळा माहेरून परतली तेव्हा मांडवाभोवती अर्धी टोली जमली होती. डोंगा वर केशरी, मध्ये पांढरा, खाली हिरवा, नुसता चकाकत होता. एका अंगाला टोपीवाला जवान काढला होता, सलाम करताना. जवानाचं तोंड शालिकरामसारखं नव्हतं, पण मिशा होत्या. खाली मोठाली अक्षरं.

"वाच गा," तिने हेमराजला म्हटलं.

"स्वर्गीय शालिकराम मेश्राम, माजी सैनिक, एकोणीसशे एकाहत्तर युद्ध," हेमराजने वाचलं. "कसा वाटला, माय?"

गोकुळाने डोंग्याला एक चक्कर मारली. वाकून आत पाहिलं. आत निळा रंग. तळाच्या फळ्या, कडा, सांधी, सगळं एकसारखं गुळगुळीत निळं.

"हे आतमंधी बी लावलं?"

"दोन हात. आत बी, बाहेर बी. चंद्रपूरहून भारीचा डबा आणला. दहा वर्षं काई होत नाई."

"अन् बुडवला नाई."

"तू आली का बुडवाचा होता ना."

"आता काय माझं डोस्कं बुडवतं? लाकडाचं तोंड शिवून टाकलं तुनं! ते पाणी पेईन कुठून?" ती मुखरूकडे वळली. मुखरू शालिकरामचा जोडीदार, पस्तीस वर्षं त्याच्यासोबत फळ्या उचललेला माणूस. तो बाजूला उकिडवा बसून मातीत काडीने रेघा ओढत होता. "काऊन भाऊजी? तुमाले माहीत नोतं? का तुमचंबी तोंड रंगवलं यानं?"

मुखरूने वर पाहिलं नाही. "माहीत होतं वं वहिनी. पण पोरगा रडून राह्यला होता. हातात ब्रश, डोळ्याले धार. कसा म्हणू त्याले, थांब म्हणून?"

गोकुळाने डोंग्याच्या कडेवर नख ओढलं. मग म्हणाली, "खरवड सगळा."

"बाबाचं नाव खरवडू?" हेमराजचा चेहराच बदलला. "जिंदगीभर लोकायनं त्याले डोंगेवाला म्हटलं. पदकं खिळ्याच्या डब्यात गंजली, कोणी इचारलं नाई. एका ठिकाणी तरी लिहून पाह्यजे का तो फौजी होता!"

"मले वाचता येत नाई. सोमारीले येत नाई. नदीले बी येत नाई. कोणासाठी लिहिलं?"

"माझ्यासाठी," हेमराज म्हणाला.

इथे ती थांबली असती तर बरं झालं असतं. पण तिच्या जिभेला थांबणं माहीत नव्हतं. शालिकराम म्हणायचा, हिची जीभ म्हणजे वाकस आहे, पाहिजे त्याहून एक सालपट जास्तच काढते. "बाप जिवंत होता तवा दोन दिवस येऊन एक फळी धरली असती तं त्याचं मन भरलं असतं," ती म्हणाली. "आता मेल्यावर रंग लावून राह्यला."

ज्योत्स्नाने सासूकडे असं पाहिलं की दुसरी कोणी असती तर जागच्या जागी वितळली असती.

हेमराजने ब्रश डब्यात टाकला. "ठीक हाये," तो म्हणाला. "बुडव तू. पाच दिवस ठेव. बस त्याच्यात. लुगडं ओलं निघालं तं मी माझ्या हातानं खरवडतो. कोरडं निघालं तं रंग राहीन. मंजूर?"

"मंजूर," गोकुळा म्हणाली. बापाचाच नियम लेकाने तिच्यापुढे मांडला होता. नाही कशी म्हणणार?

ते पाच दिवस घरात दोघं एकमेकांशी ज्योत्स्नाच्या मार्फत बोलले. "त्याले सांग, भाकर वाढली." "मायले सांग, भूक नाई." चौथ्या दिवशी ज्योत्स्ना वैतागली. "आत्याबाई, तुमी दोघं एक मोबाइल घेऊन बोला ना. मले निरोप्या करून ठेवलं." गोकुळा आतल्या आत हसली. या सुनेची जीभही तासायच्या कामाची होती, म्हणून तर ती तिला आवडायची. पण हे तिने अजून कोणाला सांगितलं नव्हतं.

दुपारच्या वेळी घर झोपलं की ती ट्रंक उघडून बसे. तळाशी शालिकरामच्या फौजेतल्या चिठ्ठ्या. एकाही चिठ्ठीत अक्षर नाही. नव्या नवरीला वाचता येत नाही, आणि पोस्टमनने वाचून दाखवावं हे त्याला नको होतं, म्हणून तो चित्रं काढून पाठवायचा. तंबू आणि पुढे ताट, म्हणजे जेवलो. डोंगरावर सूर्य अर्धा, म्हणजे थंडी आहे. एका चिठ्ठीत नुसती नदी, अलीकडे माणूस, पलीकडे बाई आणि मध्ये काही नाही. ती चिठ्ठी आली तेव्हा ती अठरा वर्षांची होती. ती उशाखाली घेऊन झोपली होती. त्या रिकाम्या नदीवर या माणसाने पुढे आयुष्यभर काय काय तरंगवलं, हे तेव्हा कोणाला ठाऊक होतं?

सहाव्या दिवशी सकाळी डोंगा वर काढला. पलीकडून सोमारी आपल्या सात-आठ माणसांना घेऊन आली. कोरलेल्या खोडाच्या छोट्या डोंग्यातून दोघं दोघं करत आली, त्यालाच तासभर लागला. रंग बघून तिची माणसं खूश झाली, बोट लावून जवानाच्या मिशा बघू लागली.

गोकुळा आकाशी लुगडं नेसून आली तशी शेजारची कलाबाई पुढे झाली. "गोकुळाबाई, वाईट नोको मानू, पण नव्या डोंग्यात पयले विधवेनं बसू नये वं. दुसऱ्या कोणाले बसव."

"डोंग्याले काय माहीत माझं कुंकू?" गोकुळा म्हणाली. "तुले बसाचं असंन तं बस. लुगडं तेवढं धुतलेलं नेसून ये."

सोमारी हसली. "आमाले गोकुळाबाईच पाह्यजे," ती म्हणाली. "शालिकभाऊनं तिचंच सांगतलं होतं."

मुखरूने वल्हं घेतलं. गोकुळा तळाच्या फळीवर मांडी घालून बसली. काठ मागे गेला. काठावर हेमराज मोबाइल धरून उभा होता, फोटो काढत. डोंगा तोलाला छान होता. बुढ्याचा हात. जराही कलत नव्हता. ती मनात म्हणाली, होऊ दे बापा कोरडं. लेकाचं मन राहू दे.

मध्यावर तिच्या उजव्या मांडीखाली थंड लागलं.

आधी तिला वाटलं भास. मग ते थंड हळूहळू मागे सरकलं. मुखरूने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि वल्हं एक क्षण थांबलं. "वहिनी..." तो हळूच म्हणाला, "तुमी उतरल्या का पदर मागं सोडून सरळ घरी जा. मी म्हणतो, बाईले चक्कर आली."

तिने खरंच विचार केला. लेकाला किती सोपं झालं असतं! लोक टाळ्या वाजवतील, जवान मिशांसकट नदीवर फिरेल. आणि श्रावणात, पाणी चढलेलं असताना, सोमारीच्या वस्तीतली दहा माणसं मध्यावर असतील.

"भाऊजी," ती म्हणाली, "बुढ्यानं कधी केलं असं?"

मुखरूने वल्हं मारलं.

काठाला लागल्यावर गोकुळा उतरली, लोकांकडे पाठ करून उभी राहिली आणि म्हणाली, "पाहा." बापाची जागा आता लेकाची होती, म्हणून दुसरं कोणी पुढे झालं नाही. हेमराज आला. आकाशी लुगड्यावर हाताच्या पंजाएवढा काळपट डाग होता. त्याने मोबाइल खिशात टाकला. "फेल," तो म्हणाला, इतक्या हळू की मागच्यांना ऐकूच गेलं नाही.

गोकुळा वळली. लेकाची मान खाली होती, आणि त्या मानेत तिला दहा वर्षांचा हेमराज दिसला, बापाच्या रंध्याची धार बोथट करून ठेवलेला.

"बुढ्यानं मले सातदा ओली केली," ती मोठ्याने म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "आठवी खेप तुही. बापाच्या रांगेत बसला तू."

हेमराजने मान वर केली. "बाबाचे सात फेल झाले?"

"मंग? पयला तं मधातच पाणी भरला. मी वरडून राह्यली अन् तुहा बाप म्हणते, घाबरू नोको, अजून कंबरेपर्यंत नाई आलं!"

मुखरू खो खो हसला. सोमारीही हसली, तिला गोष्ट पूर्ण कळली नव्हती तरी. मग तिने आभाळाकडे बोट दाखवून विचारलं, "बाई, मृगाच्या आधी होईन का?"

"होईन," हेमराज म्हणाला. गोकुळाने तोंड उघडायच्या आधी.

खरवडायला तीन दिवस लागले. बाहेरचा तिरंगा मुखरू आणि ज्योत्स्नाने काढला. जवानाची टोपी निघाली तेव्हा ज्योत्स्ना सासूला म्हणाली, "आत्याबाई, मिशा तुमी काढा. मामंजीच्या मिशेले हात लावाची माझी हिंमत नाई." गोकुळाने काढल्या. काढताना दोन शिव्या दिल्या आणि डोळे पुसले. रंगाचा भुसा गेला म्हणाली.

आतलं हेमराज एकटा करत होता. सांधीतला सुकलेला रंग खिळ्याच्या टोकाने उकरून, जुना पीळ ओढून काढून, नव्याने कापूस वळून. मुखरू फक्त बघायचा आणि "ढिल्ला भर, ढिल्ला. लाकडाले फुगाले जागा ठेव," एवढंच सांगायचा. दुसऱ्या दिवशी खाणीतून फोन आला. हेमराज म्हणाला, "अजून आठ दिवस नाई येत," आणि फोन ठेवला. गोकुळाने ऐकलं आणि ऐकलं नाही असं दाखवलं.

तिसऱ्या दिवशी तो तळाच्या मधल्या फळीवरून हात फिरवत थांबला. पुन्हा फिरवला.

"माय, इथी ये. ही फळी बाकीच्यासारखी नाई."

रंगाखाली कळलं नसतं. तळाची सगळी फळी तासलेली, थोडी खरबरीत. मध्ये मात्र एक हात रुंदीची जागा रंधा मारून गुळगुळीत केलेली आणि किंचित खोलगट, उथळ परातीसारखी. कडेला एकही खिळ्याचं डोकं नाही. आजूबाजूचे खिळे मुद्दाम चार बोटं लांब सरकवलेले.

"हे काऊन असं?" हेमराजने मुखरूला विचारलं.

मुखरूला त्यात काही नवल नव्हतं. "वहिनीची जागा ते," तो म्हणाला. "सगळ्याच डोंग्यात करे शालिक. पयल्या डोंग्यात वहिनीले काटा घुसला होता ना फळीचा. तवापासून. त्याले अर्धा दिवस लागे तेवढ्या जागेले. म्या म्हणो, अर्ध्या घंट्यासाठी अर्धा दिवस कायले घालवतं? तं म्हणे, तुले काय कराचं, तू राळ तापव."

गोकुळा बघत राहिली.

काटा तिला आठवत होता. उतरल्यावर तिने नवऱ्याला जे ऐकवलं होतं तेही शब्दन्‌शब्द आठवत होतं. पुन्हा काटा कधी लागला नाही, हे मात्र तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. न लागलेला काटा कोणाच्या ध्यानात राहतो? अडतीस वर्षं ती म्हणत आली, मले चिंधी करून ठेवलं, पाणी पुसाची चिंधी. टोलीत सांगितलं, माहेरी सांगितलं, त्याच्या तोंडावर सांगितलं. तो हसायचा.

"मले सांगाले काय झालं होतं बुढ्याले!" ती एवढंच म्हणाली आणि राळेखालचा विस्तव फुंकायला निघून गेली. विस्तव चांगला पेटलेला होता.

पाच दिवस डोंगा पुन्हा पाण्याखाली राहिला. रोज सकाळी गोकुळा काठावर जाऊन बघे. धोंड्यांच्या वरून मासळ्या फिरत. वर काढला तेव्हा हेमराजने फळीच्या सांधीत नख घालून पाहिलं, नख गेलं नाही. बाहेरून डांबराचा एक हात फिरवला. मृगाला दोन दिवस राहिले होते.

सोमारी आली. या खेपेला कलाबाई गप्प राहिली, वर काठावर पुढची जागा धरून बसली. मुखरूने वल्हं उचलून हेमराजच्या हातात दिलं. "माझा खांदा दुखून राह्यला," तो म्हणाला. सकाळीच त्याने त्या खांद्यावरून बाभळीचा ओंडका आणला होता.

गोकुळा खोलगट जागी बसली. बरोबर मावली. आजवर ती कधीही अशी ऐसपैस बसली नव्हती, कड धरूनच बसायची. आज तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले. हेमराजचं वल्हं सुरुवातीला वाकडंतिकडं पडत होतं. "डंपर नाई चालवून राह्यला तू," ती म्हणाली. "पाण्याले धक्का नोको देऊ, पाण्याले सांग फक्त." हे बुढ्याचं वाक्य होतं.

मध्यावर मांडीखाली कोरडं होतं. पलीकडच्या काठाला टेकून परत फिरले, तरी कोरडं. तिने हात खाली घालून फळीवरून फिरवला. लाकूड उबदार होतं.

"बाबा इथी काय बोले तुझ्याशी?" हेमराजने विचारलं. "मी काठावर उभा राहो लहानपणी. तुमी दोघं मधात गेले का बोलताना दिसो. ऐकू नाई ये."

गोकुळाला हसू आलं. घरात सासू, पाच नणंदा-दीर, पुढे लेकरं, मांडवात गिऱ्हाइकं. नवरा-बायकोने दोन शब्द बोलायला जागा कुठे होती? एकसष्ट डोंग्यांत, पार जाऊन परत येईपर्यंत, काय ते तेवढंच. लेकीचं लग्न कुठे करायचं ते इथेच ठरलं. हेमराजला खाणीत जाऊ द्यायचं, अडवायचं नाही, हेही इथेच. तेव्हा ती रडली होती आणि शालिकराम म्हणाला होता, "त्याले पार जाऊ दे. आपण कायले डोंगे करतो मंग?"

हे तिने लेकाला सांगितलं. जसंच्या तसं. एक सालपटही जास्त न काढता.

डोंगा काठाला लागला. गोकुळा उतरली, लोकांकडे पाठ करून उभी राहिली. मागे पाण्याचा आवाज तेवढा होता. लेक वाकून बघतोय, हे तिला कळत होतं. बापासारखाच फार वेळ लावत होता.

"पास!" हेमराज ओरडला. आवाज बापाच्या आवाजापेक्षा मोठा निघाला. पलीकडच्या झाडीवरून बगळे उठले.

सोमारीच्या माणसांनी डोंग्याला हात लावला. सोमारीने आत पाऊल टाकून खोलगट फळीवरून तळवा फिरवला आणि मोडक्या मराठीत म्हणाली, "रंग गेला तं गेला. आमी याले शालिकभाऊचा डोंगाच म्हणतो. जुन्याले बी तेच म्हणत होतो." मग तिने हात जोडले. "जोहार बाई. आता नेतो."

"नेजो," गोकुळा म्हणाली. ती वर चढायला लागली, चार पावलं गेली आणि थांबली. वळून परत आली. लुगड्याचा काठ सावरून पुन्हा डोंग्यात चढली आणि आपल्या जागी मांडी घालून बसली.

सगळे बघत राहिले. हेमराज घाबरला. "काऊन माय? ओलं हाये का कुठी?"

"ओलं-बिलं काई नाई."

"मंग?"

"सोमारी, तुले घाई असंन तं जराशी थांब," गोकुळा म्हणाली आणि नदीकडे तोंड करून बसली. "हेमराज, अजून एक चक्कर मार."